राणीछाप रुपयावरील काळी झाक

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात रुप्याविषयी लिहिण्यास बसावे, हे काहीसे विपरीत वाटण्याजोगे आहे. परंतु सोन्याला काळ शिवत नाही आणि रुप्याला तो शिवतो, एवढ्याच कारणास्तव इतिहासाची आवड असणाऱ्यास रुपे अधिक बोलके वाटते. आपणांपैकी बहुतेकांच्या घरी, देव्हाऱ्यातील डबीत किंवा बँकेच्या लॉकरात, चार-दोन राणीछाप रुपये असतातच. कोणाचे ते साताऱ्याकडून आले, कोणाचे इंदूर-ग्वाल्हेरीकडून. कोणाच्या आजीस ते ओवाळणीत मिळाले, कोणाच्या पणजोबांनी ते कशात घालून कमरेला बांधून आणले. या रुपयांवर कधी काळसर, कधी तांबूस, तर कधी मोरपिसासारखी निळी झाक दिसते. संग्राहक तिला टोनिंग म्हणतात. ती आपोआप आलेली की कोणी चढविलेली, ती ठेवावी की घासून काढावी, हे प्रश्न दिवाळी जवळ आली की आम्हांस हमखास विचारले जातात. त्यांची उत्तरे एका वाक्यात देता येण्याजोगी नाहीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

नाणे पारखण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. 'रुपया' हा शब्दच 'रूप्य' यावरून आलेला; ज्यावर रूप, म्हणजे ठसा, उमटविला आहे ते रूप्य. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी तपासणाऱ्या अधिकाऱ्यास 'रूपदर्शक' अशी संज्ञा आहे. अकबराच्या टांकसाळीतील सेवकवर्गाचे वर्णन करताना अबुल फज्लने 'ऐन-इ-अकबरी'त सराफाची नोंद स्वतंत्रपणे केली आहे. महाराष्ट्रात वसुलाच्या भरण्यात आलेले नाणे खरे की खोटे हे पोतदाराने सांगायचे. पोतदार, सराफ, नाणावटी ही आडनावे आजही कोणत्याही मराठी मंडळाच्या यादीत सापडतील. इतकेच काय, अनुभवी माणसास आपण 'नाणावलेला' म्हणतो तेही याच धंद्यातून.

परंतु ही सारी मंडळी नाण्यात पाहत काय? वजन आणि कस. नाणे वाजवून पाहावे, कसोटीच्या दगडावर घासावे, शंका आल्यास टोचा मारून आतील धातू पाहावा, अशी रीत होती. अठराव्या शतकातील रुपयांवर जे बारीक ठिपके, चांदण्या, चौकोन ठोकलेले दिसतात, ते या सराफांचेच ठसे होत. नाण्याच्या वयास त्यांच्या लेखी किंमत नव्हती. असला तर दंडच होता. बंगालमध्ये चालू सालचा सिक्का रुपया पूर्ण किमतीने चाले, आणि साल उलटले की सराफ त्यावर बट्टा कापून घेत. रुपे तेवढेच, परंतु जुनेपणाबद्दल कसर! या प्रकारास कंटाळून कंपनी सरकारने बंगालच्या रुपयांवर शाहआलम बादशहाच्या कारकिर्दीचे १९ वे वर्षच कायम ठेवले. नाणे कोणत्याही साली पडो, त्यावर सन १९. १७९३ च्या सुमारास हेच नाणे तेथे अधिकृत ठरले. मराठीत 'बट्टा' या एकाच शब्दास कसर आणि डाग असे दोन्ही अर्थ आहेत, यात जुन्या नाण्याकडे पाहण्याची आपली परंपरागत दृष्टी उघड होते. रुपयावर चढलेला काळेपणा हा आपल्या पूर्वजांच्या मते निव्वळ मळ होता.

आपल्या डबीतील रुपये बहुधा त्यानंतरचे. १८३५ च्या १७ व्या कायद्याने कंपनीच्या मुलखास एकच रुपया लागू झाला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. या सुधारणेमागे कलकत्ता टांकसाळीतील कस-अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांचा मोठा हात होता. ब्राह्मी लिपी उलगडणारे प्रिन्सेप ते हेच. १८४० पासून रुपयावर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आला, १८६२ मध्ये कंपनीचे नाव गेले आणि १८७७ पासून राणीची सम्राज्ञी झाली. (१८६२ हे साल पाहून तो रुपया त्याच वर्षीचा आहे असे मात्र समजू नये. १८७४ पर्यंत तेच साल छापले जात होते, आणि मुंबईच्या टांकसाळीने खरे वर्ष कळावे म्हणून बारीक ठिपक्यांची योजना केली होती.) पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि मागील चांगले रुपये क्रमाक्रमाने चलनातून काढून घेण्यात आले. हलके नाणे बाजारात फिरू लागले की भारी नाणे घरात दडून बसते, हा अर्थशास्त्राचा नियम सर्वविदित आहे. त्याप्रमाणे लाखो घरांत राणीछाप रुपये जे पेटीत गेले ते तेथेच राहिले. आपल्या घरच्या रुपयास अशा प्रकारे ऐंशी वर्षांहून अधिक काळ विश्रांती मिळालेली असण्याचा संभव आहे, आणि काळी झाक येण्यास विश्रांतीच लागते.

ही झाक येते कशी, हे समजल्याखेरीज तिची पारख होणे नाही. हवेत गंधकाचे वायुरूप संयुग, हायड्रोजन सल्फाइड, अत्यल्प प्रमाणात असते. दमट हवेत ते चांदीशी संयोग पावून पृष्ठावर सिल्व्हर सल्फाइडचे पटल तयार करते. लोकरीतून, हलक्या कागदातून, रबरातून, दगडी कोळशाच्या धुरातून गंधक मिळतच असते. म्हणून आसनसोल-धनबादकडील घरांत चांदी लवकर काळवंडते आणि बिकानेरच्या कोरड्या हवेत ती बराच काळ पांढरी राहते. आपल्यासारख्या बदल्यांवर फिरलेल्या कुटुंबांना हा अनुभव चांदीच्या भांड्यांवरून असेलच. हे पटल प्रारंभी अतिशय पातळ, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते. अशा पटलाच्या वरच्या पृष्ठावरून परतलेला आणि खालच्या धातूवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो व त्यातून रंग उपजतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या थेंबावर जे इंद्रधनुष्य दिसते ते याच जातीचे. न्यूटनने १७०४ च्या आपल्या प्रकाशशास्त्राच्या ग्रंथात पातळ पटलांच्या या रंगांचा क्रम लावून ठेवला होता, आणि पुढे शंभर वर्षांनी टॉमस यंग याने प्रकाशलहरींच्या आधारे त्याचे कारण सांगितले.

पारख करणाऱ्याने लक्षात ठेवायची पहिली गोष्ट म्हणजे हा क्रम. पटल जाड होत जाते तसा रंग पालटतो: आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, मग तांबूस-जांभळा, त्यानंतर निळा, पुढे हेच रंग हिरवट छटेसह पुन्हा येतात आणि अखेरीस करडा-काळा. पायऱ्या चढताना मधली पायरी गाळता येत नाही, तसेच हे आहे. ज्या रुपयाची कड निळी आणि मध्य पांढरा, त्याच्या निळ्या व पांढऱ्याच्या मध्ये तांबूस आणि पिवळ्या रंगाचे पट्टे, बारीक का होईनात, असलेच पाहिजेत. निळा रंग जर पांढऱ्या चांदीला थेट भिडलेला असेल, तर ती झाक कालमानाने चढलेली नसून तिला कोणीतरी घाई केली आहे, असा संशय घ्यावा. आमच्या मते सामान्य माणसास हाताशी असलेली याहून चांगली कसोटी नाही, कारण तिला भिंगाखेरीज काही लागत नाही.

दुसरी गोष्ट तेजाची. टांकसाळीत ठसा जोराने दाबला जातो तेव्हा चांदी मध्याकडून कडेकडे सरकते आणि तिच्यावर डोळ्यांना वेगळ्या न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. न वापरलेला रुपया दिव्याखाली हळूहळू फिरविला तर या रेषांमुळे प्रकाशाचे आरे चाकासारखे फिरताना दिसतात. आपोआप आलेली झाक या तेजावर पडद्यासारखी असते. नाणे फिरवा, रंगाखालून आरे फिरतात. रसायनाने किंवा उष्णतेने आणलेला रंग पुष्कळदा मंद, रंगविल्यासारखा, तेज झाकून टाकणारा असतो. मात्र घासून बोथट झालेल्या रुपयावर हे तेज उरलेलेच नसते. त्याच्या नशिबी बहुधा करडा रंग असतो, खळग्यांत गडद आणि उंच भागी फिका. राणीच्या मुकुटाची नक्षी झिजून सपाट झाली आहे आणि तरीही सर्वांगावर इंद्रधनुष्य फाकले आहे, असा रुपया कोणी पुढे केल्यास आपण खिशातला हात खिशातच ठेवावा.

येथे वाचक विचारतील की काळेपणासाठी कोणी एवढा उपद्व्याप का करील? त्याचे उत्तर अमेरिकेत आहे. तेथील चांदीचे डॉलर सरकारी तळघरांत कॅनव्हासच्या पिशव्यांत कित्येक दशके पडून होते, आणि १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते मोठ्या संख्येने बाहेर आले. पिशवीच्या कापडाला टेकून असलेल्या डॉलरांच्या एकाच बाजूवर विलक्षण सुंदर रंग चढले होते. काहींवर तर कापडाची वीण उमटली होती, आणि जेथे शेजारचे नाणे टेकले होते तेथे चंद्रकोरीएवढा भाग पांढरा राहिला होता. अशा नाण्यांस हौशी लोक जास्त पैसे मोजू लागले. जेथे पैसा आला तेथे नक्कल आली. १९८६-८७ मध्ये नाण्यांची प्रत ठरवून ती बंद पेटीत देणाऱ्या दोन मोठ्या संस्था तेथे निघाल्या, आणि रंग संशयास्पद वाटल्यास नाण्यास प्रत न देण्याचा प्रघात पडला. आता या पेट्या आपल्या बाजारातही दिसतात आणि त्यांच्याबरोबर रंगीत रुपयांची आवडही आली आहे.

आवड आली, तसे रंगारीही आले. एका नाणेप्रदर्शनात आम्ही एका विक्रेत्याच्या तबकात बारा रुपये ओळीने मांडलेले पाहिले. १८६२ पासून १९१९ पर्यंतची साले, काही मुंबईच्या टांकसाळीचे, काही कलकत्त्याचे, काही कोरे तर काही झिजलेले. परंतु बाराही जणांवर निळ्या-जांभळ्या रंगाची एकच तऱ्हा. बारा घरांत, बारा हवांत, निरनिराळी आयुष्ये काढलेल्या रुपयांनी एकच रंग धारण करावा हे संभवत नाही. ते सारे एकाच दुपारी एकाच भांड्यातून निघाले असणार. सराफ कट्ट्यावर 'ऑक्सिडाइज्ड' म्हणून जे काळसर दागिने मिळतात, त्यांना गंधकाच्या द्रावणात बुडवूनच ती छटा दिलेली असते. ऑक्सिजनचा तेथे फारसा संबंध नसतो, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही. तीच युक्ती नाण्यावर चालते. या घाईचे काम भिंगाखाली पाहिले तर रंग अक्षरे आणि मुखवटा यांची पर्वा न करता वरून ओघळल्यासारखा गेलेला दिसतो; आपोआप आलेला रंग उठावाच्या कडांशी अडखळतो, अक्षरांच्या आसऱ्याने पालटतो.

मराठी रुपयांची गोष्ट निराळी आहे आणि आपल्या वाचकांस ती जवळची वाटेल. पुण्याकडचा अंकुशी, चांदवडच्या टांकसाळीतला चांदवडी, नागपूर, बडोदे, उज्जैन येथले रुपये हाताने हातोडा मारून पाडलेले. त्यांवर मोगल बादशहाच्या नावाचा फारशी मजकूर असल्यामुळे पुष्कळ घरांत ते 'मुसलमानी नाणे' म्हणून बाजूला पडलेले आम्ही पाहिले आहेत. अंकुश किंवा असेच एखादे चिन्ह शोधल्यावर घरधन्याच्या मुद्रेवर उमटणारा आनंद पाहण्यासारखा असतो. या नाण्यांवर फिरते आरे शोधण्यात अर्थ नाही. तेथे सराफी ठसे उपयोगी पडतात. दीडदोनशे वर्षांपूर्वी मारलेल्या ठशाच्या तळाशी चिंच-रांगोळीचा हात पोहोचत नाही, म्हणून अस्सल जुना काळेपणा तेथे घट्ट बसलेला असतो. नाण्याचे मैदान पांढरे आणि ठशाचा तळ काळा असेल तर नाणे घासलेले आहे. मैदान, अक्षरांचे माथे आणि ठशाचा तळ सारेच एकसारखे काळे असेल तर ते बुडवलेले आहे, असे मानण्यास हरकत नाही. जमिनीत पुरलेल्या हंड्यातून निघालेले म्हणून जे सांगतात, त्यावर मातीतील क्षारांमुळे करडा, राखट थर, किंवा तांब्याच्या हंड्याचा हिरवा कळंक अपेक्षित आहे. मोरपिशी रंग नव्हे. (आणि खरोखरच कोणास जमिनीत असे धन सापडले, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यास कळवावा लागतो, हेही सांगून ठेवतो.)

आता मुख्य दुःखाकडे वळावयास पाहिजे. वर म्हटल्याप्रमाणे घराघरांत दडलेल्या इतक्या रुपयांवर अस्सल झाक विपुल असावयास हवी होती. प्रत्यक्षात ती दुर्मिळ आहे, आणि याचे कारण बाजारातील रंगारी नसून आपली दिवाळी आहे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी डबीतील रुपये ताटात ओतून चिंच, रिठे, राख, रांगोळी किंवा दंतमंजन यांनी ते लख्ख करावयाचे, ही घरोघरची रीत. रांगोळी हा दगडाचा चुरा आहे. एका दिवाळीत जे दिसत नाही ते पन्नास दिवाळ्यांनंतर दिसते: राणीच्या गालावर असंख्य बारीक चरे, नाकाचे टोक सपाट, तेज नाहीसे. ॲल्युमिनियमचा कागद, सोडा आणि गरम पाणी यांची नवी युक्ती किंवा बाटलीतील तयार द्रव हेही निर्धोक नाहीत. काळेपणा गेला तरी त्याखालचे मूळ पृष्ठ पूर्वीसारखे राहत नाही. यात कोणाही गृहिणीस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. देवापुढे काळे नाणे ठेवू नये ही श्रद्धा आहे, आणि तिचा मान राखून पूजेसाठी एखादे नवे चांदीचे नाणे वेगळे ठेवणे सहज शक्य आहे. जे रुपये आटवून टाक आणि जोडवी झाली त्यांच्याविषयी तर काही म्हणण्याचे कारणच नाही. त्यांना दुसरे आयुष्य लाभले.

घासलेला रुपया पांढराफेक दिसतो, गिऱ्हाईक तो ओळखते, म्हणून विक्रेता त्यावर रंग चढवितो. खोट्या रंगाचा मोठा भाग अशा प्रकारे चरे लपविण्याच्या खटपटीतून निघालेला आहे. चऱ्यांकडे पाहावे. रंग भेदून चरा पांढरा चमकत असेल तर चरा रंगानंतरचा. चऱ्याच्या आतही तोच रंग असेल तर चरा आधीचा आणि रंग मागाहूनचा. परंतु येथे उतावीळपणे निकाल देऊ नये. आजीने १९५० साली घासलेला रुपया त्यानंतर सत्तर वर्षे स्वस्थ पडून राहिला असेल, तर त्याच्यावर पुन्हा खरीखुरी झाक येते. अशा रुपयास मूळचा म्हणता येणार नाही आणि लबाडीचाही म्हणता येणार नाही.

खरी अडचण अशी की रसायनशास्त्र या दोहोंत भेद करीत नाही. पेटीत शंभर वर्षांत जमलेले पटल आणि भांड्यात पाच मिनिटांत जमलेले पटल, दोन्ही सिल्व्हर सल्फाइडच. फरक काय तो वेळेचा, आणि वेळ मोजण्याचे यंत्र निघालेले नाही. निघाली आहेत ती वेळेची लक्षणे, आणि लक्षणे वाचणाऱ्यांत मतभेद होतात. वर सांगितलेल्या बंद पेट्यांच्या संस्थांनी एकदा नाकारलेले नाणे दुसऱ्यांदा स्वीकारल्याच्या कथा संग्राहकांच्या बैठकीत नेहमी ऐकू येतात. म्हणून आमचा कल असा की एका लक्षणावर भिस्त ठेवू नये. रंगांचा क्रम, तेज, झीज आणि चरे हे चौघेही एकच साक्ष देत असतील तरच मान डोलवावी, आणि शंका राहिल्यास रंगासाठी एक पैसाही जास्त मोजू नये.

या चौघांहून मोठा साक्षीदार मात्र घरातच असतो. हा रुपया कोणत्या गावाहून, कोणाच्या पेटीतून, केव्हा आला आणि त्यानंतर तो कोठे व कशात ठेवला गेला, हे ज्याच्याविषयी खात्रीने सांगता येते त्या नाण्याच्या रंगाविषयी वाद उरत नाही. ही माहिती घरातील वडीलधाऱ्यांकडे असते, आणि गाव सोडून दोन पिढ्या झालेल्या आपल्या घरांत ती फार लवकर पुसली जाते. मुलांना साताऱ्याचे घर ठाऊक नसते, मग पेटी कोठून ठाऊक असणार? तेव्हा येत्या दिवाळीस रुपये बाहेर काढाल तेव्हा ते कडेस धरून पाहावेत, हळदीकुंकू लागले असेल तर कोरड्या मऊ कापडानेही न पुसता तसेच राहू द्यावे, आणि आईवडिलांना विचारून सर्व हकीकत एका चिठ्ठीवर लिहून ठेवावी. रबराच्या पट्टीने रुपयांची जुडी बांधू नये, नाण्यावर तिची काळी रेघ उमटते. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतून कालांतराने हिरवट चिकटा सुटतो, तीही टाळावीत. शंभर वर्षांवरील नाणे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावशेष ठरते व ते देशाबाहेर नेता येत नाही, हे परदेशी स्थायिक होणाऱ्या मुलांना सांगून ठेवावे. चिठ्ठी मात्र रुपयाला लागून ठेवू नये, डबीच्या झाकणाला बाहेरून चिकटवावी. साध्या कागदातही गंधक असतोच.